कादंबरीचं बाड प्रकाशकाकडे पाठवायच्या आधी

माझ्या पहिल्या कथासंग्रहाची फाइल मी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतली होती. जिथे पाठवली तिथल्या कंप्युटरवर तो फॉन्ट नव्हता त्यामुळे तिकडे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटली, आणि मी दोन महिने कथा आवडल्या नसतील असं समजून गप्प बसले. शेवटी फोन केला तेव्हा कळलं की एक ओळसुद्धा कुणाला वाचता आली नव्हती. तेव्हापासून कुणी बाड पाठवतंय म्हटलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कंप्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, आहे ना?

फोनवर किंवा गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर ते युनिकोडच असतं, काळजी नको. पण टायपिंगवाल्याकडून करून घेतलं असेल तर फाइल व्हॉट्सॅपवर स्वतःच्या फोनवर पाठवून उघडून बघा, मराठी दिसलं नाही तर ती तशीच पुढे पाठवू नका. कन्व्हर्टर मिळतात पण कन्व्हर्ट करताना जोडाक्षरं आणि रफार हमखास मोडतात, त्यामुळे नंतर सगळं एकदा डोळ्याखालून घालावंच लागतं.

फॉन्ट साधा घ्या, मंगल, कोकिला, निर्मला, मुक्ता, यातला कुठलाही चालतो, आकार १४ पॉइंट, ए-फोर कागद, चारी बाजूंनी एक इंच समास, ओळींमध्ये दीडपट अंतर. मराठीत वर वेलांट्या मात्रा आणि खाली उकार असतात म्हणून ओळी दाटीने बसवल्या की वाचणाऱ्याचे डोळे शिणतात, आणि प्रिंटवर पेन्सिलीने खुणा करायलाही जागा राहत नाही. प्रत्येक पानाला नंबर द्या, वर कादंबरीचं नाव आणि तुमचं आडनाव. कव्हर, चित्रं, रंगीत शीर्षकं, अर्पणपत्रिका, कुणाची तरी प्रस्तावना, यातलं काही घालू नका, ते सगळं पुस्तक ठरल्यावर.

नवीन प्रकरण नवीन पानावर हवं पण त्यासाठी एंटर बडवत खाली जायचं नाही, पेज ब्रेक द्यायचा, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की झालं. परिच्छेदाच्या सुरुवातीला स्पेस मारूनही जागा सोडू नका, ते काम इंडेंटवर, म्हणजे पहिली ओळ आपोआप आत सरकवणाऱ्या सोयीवर, सोपवा. आणि प्रकरणाच्या आत प्रसंग बदलतो तिथे नुसती मोकळी ओळ ठेवली तर पुढे पानं लावताना ती गायब होते आणि दोन प्रसंग एकमेकांना चिकटतात, म्हणून मधोमध एक फुली टाका.

आता खरं कष्टाचं काम, भाषेतला एकसारखेपणा. निवेदन 'केले, गेले, असे' असं चाललंय की 'केलं, गेलं, असं' हे एकदाच ठरवा. दोन्ही चालतं, ती तुमची शैली आहे, पण एकाच पानावर दोन्ही आलं की संपादकाला कळत नाही की हा मुद्दाम केलेला बदल आहे की नजरचूक. हे फाइंड-रिप्लेसने, म्हणजे एक शब्द शोधून सगळीकडे एकदम बदलणाऱ्या सोयीने, करायच्या फंदात पडू नका! 'फूल पडले' चं 'फूल पडलं' होतं पण 'काका आले' चं 'काका आलं' होत नाही, 'असे कसे झाले' चं 'असं कसं झालं' होतं पण 'तुम्ही कसे आहात' तसंच राहतं. म्हणजे लिंग आणि वचन बघत एकेक वाक्य हातानेच करावं लागतं. मला एका कादंबरीला नऊ दिवस लागले, पण त्या नऊ दिवसांत निवेदकाचा आवाज कुठे कुठे सुटलाय तेही दिसलं, जे आधीच्या तीन वाचनांत दिसलं नव्हतं.

पात्राचं नाव बदलतानाही तेच. 'राम' चं 'सुधीर' केलं की 'आराम' चं 'आसुधीर' होऊन बसतं. आणि मराठीत नावाचं सामान्यरूपही बदलतं, 'गंगी' ची 'सुमन' केली तर 'गंगीनं' मधून 'सुमननं' सरळ होतं पण 'गंगे, इकडे ये' ही हाक तशीच मागे राहून जाते. म्हणून नाव बदललं तर त्या पात्राचे सगळे प्रसंग परत वाचा, हाका, लाडाची नावं, शिव्या सगळं.

शुद्धलेखनाचे साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, त्यात १९७२ ला भर पडून एकूण अठरा झाले, ते छापून जवळ ठेवा. पण संवादांना ते लावत बसू नका. पात्राच्या तोंडची बोली तिच्या उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा त्या नियमांतच आहे, त्यामुळे मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी जी असेल ती खुशाल लिहा, फक्त एकच म्हातारी एका पानावर 'व्हतं' आणि दुसऱ्या पानावर 'हुतं' म्हणायला नको. मी अशा शब्दांचा एक कागद बनवते आणि बाडासोबतच जोडते, म्हणजे मुद्रितशोधक ते 'सुधारत' नाहीत.

बारीक गोष्टी पटकन सांगते. दुःख मधला विसर्ग विसर्गच हवा, कोलन नको. ॲ हा काही कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून येतो आणि काहींवर अ ला चंद्र जोडून, डोळ्याला सारखाच दिसतो पण शोधताना अर्धे शब्द सापडत नाहीत, त्यामुळे एक प्रकार ठेवा. बोलून टाइप केलं असेल तर 'घरा मध्ये', 'झाडा खाली' असे तुटलेले शब्द शोधून जोडा. वाक्याशेवटी टिंब, हिंदीसारखा दंड नको.

शब्दसंख्या वर्ड खाली दाखवतंच, ती पत्रात लिहा. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण अडीचशे-तीनशे शब्द बसतात आणि छपाईचा हिशोब फॉर्मात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या गठ्ठ्यात होतो, त्यामुळे साठ हजार शब्द म्हटलं की प्रकाशकाला पुस्तक दोनशेच्या वर जाणार हे लगेच कळतं. पत्र एका पानाचं, कादंबरी कुठल्या काळात, कुठल्या गावात घडते, कुणाबद्दल आहे, तुम्ही कोण, एखादं प्रकरण दिवाळी अंकात आलं असेल तर कुठल्या आणि कधी. सारांश वेगळा, दोन पानं, आणि त्यात शेवट सांगायचाच, 'पुढे काय होतं ते वाचाच' असं लिहू नका, संपादकाला पूर्ण रचना बघायची असते. कुणाची कविता किंवा गाणं आत वापरलं असेल तर तेही सांगा, कारण आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो आणि परवानगी घ्यावी लागते.

मराठीत संपादकाची मोठी परंपरा आहे, मौज प्रकाशन आणि 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारख्यांनी हस्तलिखितावर शब्दाशब्दाने काम केलं. अशी नजर आजही मिळते, म्हणून तिला आपण टायपिंगच्या चुकांत गुंतवू नये असं मला मनापासून वाटतं.

पाठवायच्या आधी ऑफिसला फोन करून विचारा, सध्या कादंबऱ्या बघताय का, मेलवर चालेल की प्रिंट हवी. मेल असेल तर वर्ड आणि पीडीएफ दोन्ही जोडा, पीडीएफमुळे तुम्हाला जसं दिसतं तसंच तिकडे दिसतं. प्रिंट असेल तर कागदाच्या एकाच बाजूला, आणि एकुलती एक प्रत कधीच देऊ नका. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही बघून ठेवा.

आणि जी फाइल पाठवली ती तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिला परत हात लावू नका, पुढच्या दुरुस्त्या तिच्या कॉपीत करा. तीन-चार महिन्यांनी फोन येतो आणि समोरून विचारतात, पान ११२ वर ती विहिरीपाशी का थांबते, तेव्हा तुमच्याही समोर तेच पान ११२ उघडलेलं हवं.