भिजलेली कोल्हापुरी चप्पल कशी वाळवावी

पावसात कोल्हापुरी घालू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी जूनमध्ये एकदा तरी महाद्वार रोडवर सर गाठतेच. गेली पंचवीस वर्षं मी भिजलेल्या चपला वाळवतोय, घरच्या आणि शेजारच्यांच्याही. "उन्हात टाक, तासाभरात वाळते" किंवा "हेअर ड्रायर मार" असं कुणी सांगायला लागलं की मला राग येतो. माझ्या बघण्यात चपला पावसानं कमी आणि असल्या सल्ल्यांनी जास्त गेल्यात. हे सगळं अस्सल चामड्याच्या चपलेसाठी आहे. रेक्झिनची असेल तर पुसून ठेवा, काम झालं.

चिखल ओल्या फडक्यानं पुसून घ्या, साबण नको. मग चप्पल जुन्या सुती धोतरात किंवा पंच्यात गुंडाळून तळहातानं दाबा. कापड ओलं झालं की बदला. पिळू नका, वाकवू नका. जेवढं पाणी कापडानं टिपलं, तेवढं हवेला न्यावं लागत नाही.

आता खरं काम. ही पहिली रात्र सांभाळली तर चप्पल वाचली.

कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. तळ एकावर एक थर घालून शिवलेला असतो, त्यामुळे पाणी शिलाईच्या भोकांतून थरांच्या मधे जाऊन बसतं. हवेत उडतं ते फक्त वरच्या पृष्ठभागावरचं पाणी. आतल्या पाण्याला आधी तिथवर यावं लागतं, आणि ते आपल्याच गतीनं येतं. उष्णता देऊन तुम्ही वरचं पाणी झटकन उडवलंत, तर वरचा थर आकसतो आणि आतला फुगलेलाच राहतो. मग तळ वाकतो, नाहीतर तडकतो. त्यात ओलं चामडं साधारण 70-80 अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की कायमचं आखडतं. जवळ धरलेला ड्रायर किंवा गॅसची शेगडी तेवढं सहज तापवते.

मी शाळेत असताना वडिलांची जड तळाची कापशी चप्पल भिजली होती. त्यांना सकाळी लवकर घालायला मिळावी म्हणून मी ती रात्री पाण्याच्या बंबाला टेकवून ठेवली. सकाळी वरून हात लावला तर ठणठणीत कोरडी. पण टाच पापडासारखी वर उचललेली आणि अंगठ्यापाशी केसाएवढी चीर. दुपारपर्यंत चीर शिलाईला पोचली. कारागिराकडे नेली तर त्यानं चप्पल हातात फिरवली आणि एवढंच म्हणाला, "आग दाखवलेलं चामडं परत येत न्हाई, बाळ." वडील रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पुढे मी दुसऱ्या टोकाला गेलो. उष्णता नको म्हणून चप्पल बंद खोलीत पंख्याखाली ठेवायला लागलो. तिसऱ्या दिवशी पट्ट्याखाली पांढरी बुरशी. पंखा रात्रभर फिरत होता, मग वाळली का नाही? हिशेब केला तेव्हा कळलं. 25 अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 23 ग्रॅम वाफ धरते. पावसाळ्यात ती आधीच 85 टक्के भरलेली असली, तर उरली जागा साडेतीन ग्रॅमची. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण 28 घनमीटर. सगळी खोली मिळून शंभर ग्रॅम पाणीसुद्धा मावत नाही. माझी जोडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोरडी 610 ग्रॅम भरते, भिजून 780 भरली. म्हणजे 170 ग्रॅम पाणी, आणि खोलीत त्याला जागाच नाही. पंखा चपलेला चिकटलेली दमट हवा बाजूला करतो खरा, पण तीच हवा फिरून परत येते.

म्हणून वाऱ्याला आत यायला एक आणि बाहेर जायला एक वाट हवी. सोप्याचं दार आणि परड्याची खिडकी समोरासमोर असतील तर त्यांच्या मधली जागा उत्तम. जागा ओळखता येत नसेल तर एकसारखे चार रुमाल भिजवून घरात चार ठिकाणी टांगा. पहिला वाळेल तिथे चप्पल. माझ्या घरी खिडकीतला रुमाल अडीच तासांत वाळला, बंद खोलीतला सकाळीही ओलसर होता. स्वयंपाकघर कोरडं वाटतं, पण तिथे ठेवू नका: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त वाफ तयार होते, वर भाताची वाफ वेगळी. ओले कपडे टांगलेल्या खोलीतही नको.

चप्पल फरशीवर सपाट ठेवली तर तळाची अर्धी बाजू झाकली जाते. कडेवर उभी करा, भिंतीला टेकवा, खाली दोन काड्या ठेवा. पट्ट्याखाली कागदाची सैल गुंडाळी सरकवा, म्हणजे पट्टा बसणार नाही. कागदावर आधी सुती चिंधी गुंडाळा, शाईचा डाग जात नाही. गुंडाळी पहिले तीन-चार तास दर तासाला बदला. पंखा पाच फुटांवर, अगदी हळू. वरचा ओला तजेला गेला की तोही बंद करा, कारण आता आतलं पाणी वर येण्याची वाट बघायची आहे आणि जोराचा वारा फक्त वरचं चामडं सुकवतो.

दोन दिवस धरून चाला. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकते अशा झडीच्या दिवसांत तीन. रोज बाजू बदला.

वाळली की नाही हे बोटानं कळत नाही. टाचेचा तळ गालाला लावा. पाणी उडताना चामड्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून आत ओल असली की तळ गार लागतो. पट्टा आणि टाच दोन्ही सारखीच लागली की झालं. काटा असेल तर वजन करा, माझी 615 च्या खाली आल्याशिवाय मी पुढं जात नाही.

मग एरंडेलाचे चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन पट्टे, कडा आणि शिलाईवर चोळा. ओल्या चपलेला तेल कधीही लावू नका, आतली ओल कोंडते. एक रात्र मुरू द्या, सकाळी जादा तेल पुसा आणि पहिल्या दिवशी घरातल्या घरातच घाला.