कोल्हापूरच्या पेठांमध्ये कॅमेरा घेऊन फिरताना

कोल्हापूरची छायाचित्रे म्हटली की रंकाळ्यावरचा सूर्यास्त, न्यू पॅलेस आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या यांपलीकडे बहुतेकांची नजर जात नाही. हे शहर कळते ते पेठांमधून आणि त्या पेठांच्या ठरलेल्या वेळांमधून. म्हणून एका दिवसात सारे शहर पालथे घालण्याऐवजी एकच पेठ आणि एकच वेळ निवडावी व तेथे वरचेवर जावे. चेहरा ओळखीचा झाला की लोक कॅमेऱ्याकडे पाहणे सोडून देतात.

साधने मोजकीच पुरतात. फुल-फ्रेम (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स लावून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ ८ वर ठेवावे आणि फोकस ३ मीटरवर स्थिर करावा. म्हणजे साधारण २ ते ७ मीटरमधील सर्व काही स्पष्ट येते आणि गर्दीत फोकस शोधण्यात क्षण निसटत नाही. चालत्या माणसांसाठी १/२५० सेकंद शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) पुरेसे आहे. मोबाइलवर डिजिटल झूम टाळून दोन पावले पुढे जावे.

प्रकाशाचा विचार महाद्वार रोडपासून सुरू करावा. अंबाबाई मंदिराचे महाद्वार पश्चिमेला आहे आणि नोव्हेंबरात तसेच जानेवारीच्या अखेरीस मावळत्या सूर्याचे किरण याच वाटेने मूर्तीपर्यंत पोहोचतात. किरणोत्सव तो हाच. मंदिरात छायाचित्रणाचे निर्बंध आहेत, ते पाळावेत. पण किरणांची ती तिरपी दिशा बाहेरच्या रस्त्यालाही लाभते. त्या दिवसांत सूर्यास्तापूर्वीच्या अर्ध्या तासात पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिल्यास माणसांच्या आकृती काळ्या आणि त्यांच्या कडा उजळ दिसतात. पाठ फिरवली की तोच उजेड समोरून येणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर पडतो. भवानी मंडपाजवळ मात्र सावध राहावे. काळ्या दगडाने फ्रेम भरली की कॅमेरा तो दगड राखाडी करून टाकतो. अशा वेळी एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा).

तालमीत जायचे असेल तर आधी वस्तादांची परवानगी घ्यावी, पायताण बाहेर काढावे आणि सांगितल्याशिवाय आखाड्याच्या मातीत पाय ठेवू नये. फ्लॅश वापरूच नये. गंगावेस किंवा मोतीबागेसारख्या जुन्या तालमींचा खरा दिवस पहाटे सुरू होतो, तेव्हा बहुधा ट्यूबलाइटचाच उजेड असतो. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरमुळे चित्रात पट्टे उमटतात. १/१०० सेकंद ठेवल्यास पट्टे टळतात, पण झटापट धूसर येते. म्हणून दिव्याखाली अंगाला माती चोळणारे हात, धाप लागून बसलेला मल्ल, कडेला उभे राहून बारकाईने पाहणारे वस्ताद असे थांबलेले क्षण टिपावेत आणि पकडीची चित्रे खिडकीतून उजेड येईपर्यंत राखून ठेवावीत. माझ्या मते थांबलेल्या क्षणांची चित्रेच अधिक बोलतात. कुस्त्यांचे खासबाग मैदान भरलेले असतानाही हौद्याइतकेच (कुस्तीच्या आखाड्याइतकेच) लक्ष प्रेक्षकांच्या उंचावलेल्या हातांकडे द्यावे. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना असेल, तर चेंडूकडे पाठ करून पाठीराख्यांकडे पाहणे केव्हाही फायद्याचे.

परवानगीचा प्रश्न इथे तितका अवघड नाही. चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्या या शहरात खरी कॉर्नरला चक्क कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, आणि कॅमेरा दिसला की “पेपरात येणार काय?” असा प्रश्न हमखास येतो. चप्पल लाइनमधील दुकानदार, कपिलतीर्थ मंडईतील भाजीवाल्या मावशी किंवा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढणारे मामा यांच्याशी आधी दोन शब्द बोलावेत, मग ते पुन्हा कामाला लागेपर्यंत थांबावे. विचारताच दिलेली पोझ घेऊन निघून गेल्यास चित्रात फक्त ती पोझच उरते. कोणी नको म्हटले तर कॅमेरा खाली घ्यावा. लहान मुलांचे चित्र पालकांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

निवड लगेच करू नये. आठवडाभराने चित्रे पाहावीत आणि जे चित्र सांगली किंवा पुण्यातही काढता आले असते ते बाजूला ठेवावे. उरलेल्यांवर पेठ, तारीख आणि वेळ नोंदवावी आणि ज्यांचे चेहरे आले आहेत त्यांना ४ बाय ६ इंचाची एक प्रिंट पुढच्या फेरीत नेऊन द्यावी.