लिथियम सुरू असलेल्या रुग्णाची घरी घ्यायची काळजी

द्विध्रुवीय विकारात, म्हणजे दवाखान्यात ज्याला सर्रास ‘बायपोलर’ म्हणतात त्या आजारात, उन्मादाचे आणि नैराश्याचे झटके येतात. ते पुन्हा पुन्हा येऊ नयेत यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांत लिथियमचे स्थान आजही वरचे आहे. ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि तेथून हे औषध आधुनिक उपचारांत आले. मात्र गुण येण्याची पातळी आणि बाधा होण्याची पातळी यांत अंतर थोडे असल्यामुळे, गोळी हातावर ठेवली की घरच्यांचे काम संपले, असे या औषधाबाबत म्हणता येत नाही.

लिथियम हा एक क्षार आहे आणि तो शरीराबाहेर टाकण्याचे काम जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडे करतात. शरीरातले पाणी किंवा मीठ कमी झाले की मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवू लागतात आणि त्याबरोबर लिथियमही अडवले जाते. गोळ्या तेवढ्याच राहूनही रक्तातली पातळी वाढते. पथ्याचे बहुतेक नियम यातूनच निघतात, म्हणून ही गोष्ट रुग्णालाही नीट समजावून सांगावी.

जेवणातले मीठ रोज साधारण सारखे असावे. रक्तदाबासाठी कोणी परस्पर मीठ बंद करू नये किंवा कमी सोडियमचे मीठ आणू नये. तसे करायचेच असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आपल्याकडे हा प्रश्न उपवासांच्या वेळी विशेष उभा राहतो. निर्जळी उपवास आणि अळणी व्रत ही दोन्ही या रुग्णासाठी धोक्याची आहेत, आणि श्रद्धेचा मान राखून घरातल्या वडीलधाऱ्यांनीच ‘तुला यातून सूट आहे’ असे सांगितले, तर रुग्णाच्या मनावरचे ओझे पुष्कळ हलके होते. उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या किंवा वारीत चालणाऱ्या व्यक्तीने पाणी सोबत ठेवून तहानेची वाट न पाहता प्यावे. जुलाब, उलट्या किंवा ताप सुरू झाल्यास पुढची गोळी देण्यापूर्वीच डॉक्टरांना फोन करावा.

दुसरा धोका औषधाच्या दुकानातून येतो. अंगदुखीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी लिथियमची पातळी वाढू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गटातील आणि एनालाप्रिलच्या गटातील औषधांनीही तसेच होते. साध्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल हा सहसा सुरक्षित पर्याय असतो. दातांच्या डॉक्टरांपासून हाडांच्या डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाला ‘लिथियम चालू आहे’ हे सांगितलेच पाहिजे, मग आजार लपवण्याचा कितीही मोह होवो.

रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी असण्याची गरज नसते. शेवटची गोळी घेऊन १२ तास झालेले असणे महत्त्वाचे असते. म्हणून रात्रीची गोळी किती वाजता घेतली ते लिहून ठेवावे आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच द्यावी. मात्रा सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर साधारण आठवड्याने, पुढे पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी पातळी पाहतात. दीर्घकालीन उपचारांत ती बहुधा ०.६ ते ०.८ मिलीमोल प्रति लिटर राखली जाते, तर १.५ च्या वर बाधेची शक्यता बरीच वाढते. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम यांच्या तपासण्याही साधारण दर ६ महिन्यांनी कराव्या लागतात. रक्त घेणाऱ्या परिचारिकेने लिथियम हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे, लिथियमयुक्त द्रव्य) असलेली नळी वापरू नये, कारण त्यामुळे पातळी खोटी वाढलेली दिसते.

बोटांना बारीक कंप सुटणे, तहान व लघवी वाढणे आणि वजन वाढणे हे नेहमीचे त्रास आहेत. ते पुढच्या भेटीत सांगावेत. परंतु हातातला पेला सांडेल असा ठळक कंप, अडखळती जीभ, झोकांड्या जाणारी चाल, सततच्या उलट्या, गुंगी किंवा गोंधळलेपण दिसले, तर ती विषबाधा समजून गोळी थांबवावी आणि रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. जाताना गोळ्यांचे पाकीट आणि शेवटचा अहवाल बरोबर घ्यावा. अशा वेळी ‘रात्री झोपला की बरे वाटेल’ म्हणून थांबू नये.

ही तातडीची वेळ सोडली, तर बरे वाटते म्हणून औषध एकदम बंद करणे घातक ठरते, कारण त्यानंतर उन्माद उसळण्याचा संभव मोठा असतो. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. रुग्ण स्त्रीला मूल हवे असेल, तर दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा.

एवढे सगळे सांभाळताना रुग्णावर पाळत ठेवल्यासारखे होऊ नये, याचीही काळजी घ्यावी. तो जरा मोकळेपणी हसला किंवा रागावला की ‘गोळी घेतलीस ना?’ असे विचारणे माणसाला फार दुखावते. त्यापेक्षा तो बरा असताना त्याच्यासोबत बसून, आजार उलटण्याची त्याची स्वतःची लक्षणे कोणती, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. अनेकांत झोप कमी होणे हे पहिले चिन्ह असते; सलग दोन-तीन रात्री अगदी थोडी झोप होऊनही थकवा जाणवत नसेल, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे कानावर आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात ठेवावा आणि जवळच्या रुग्णालयात न्यावे. सल्ल्यासाठी सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.