इंग्रजी शब्दाची जात वाक्यातून ओळखण्याची रीत

मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकाला इंग्रजीसाठी शब्दांच्या आठ जाती नव्याने पाठ कराव्या लागत नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठी व्याकरणाची मांडणी बरीचशी इंग्रजीच्या वळणाने होत आली असल्यामुळे नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये ही शाळेतली यादी दोन्हीकडे जवळजवळ तीच आहे. अडचण येते ती वाक्यातला शब्द यांपैकी कोणत्या जातीचा, हे ओळखताना.

मराठीत शब्दाचे रूपच बरेच काही सांगून जाते. 'राम रावणाला मारतो' म्हणा किंवा 'रावणाला राम मारतो' म्हणा, 'ला' हा प्रत्यय रावणाला चिकटलेला आहे तोवर कोणी कोणाला मारले याविषयी शंका राहत नाही. इंग्रजी नामाला असा प्रत्यय लागत नाही, त्यामुळे 'राम किल्स रावण' यातल्या दोन नावांची अदलाबदल केली की रामायणच उलटे होते. तिथे जे काम प्रत्यय करत नाही ते जागा करते, आणि म्हणून एकच शब्द जागेनुसार जात बदलू शकतो. 'अ फास्ट ट्रेन' मध्ये 'फास्ट' हे विशेषण आहे, 'द ट्रेन रन्स फास्ट' मध्ये क्रियाविशेषण, 'माय मदर फास्ट्स ऑन एकादशी' मध्ये क्रियापद आणि 'शी ब्रोक हर फास्ट' मध्ये नाम. तेव्हा सुटा शब्द समोर ठेवून त्याची जात विचारणे व्यर्थ आहे. आधी वाक्य हवे.

पुढील वाक्य घेऊ: 'माय सिस्टर टीचेस मॅथ्स ॲट अ स्कूल निअर द स्टेशन, बट शी ऑल्वेज वॉक्स होम.'

सुरुवात क्रियापदापासून करावी. मराठीत ते बहुधा वाक्याच्या शेवटी सापडते, इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ येते. खात्री करायची असेल तर वाक्य भूतकाळात नेऊन पाहावे. 'टीचेस' चे 'टॉट' आणि 'वॉक्स' चे 'वॉक्ट' होते, बाकीचे शब्द जसेच्या तसे राहतात. मग 'कोण शिकवते?' असे विचारल्यावर 'सिस्टर' आणि 'काय शिकवते?' असे विचारल्यावर 'मॅथ्स' ही नामे हाती लागतात. 'शी' हे सर्वनाम बहिणीच्या जागी आले आहे, आणि दोन वाक्ये जोडणारे 'बट' हे उभयान्वयी अव्यय आहे. 'ॲट' आणि 'निअर' ही शब्दयोगी अव्यये आहेत, फक्त ती मराठीप्रमाणे नामाच्या मागून न येता आधी येतात आणि नामाचे सामान्यरूपही करत नाहीत. 'स्टेशनाजवळ' मधला 'स्टेशना' इंग्रजीत 'स्टेशन'च राहतो. 'माय' मात्र पारंपरिक शालेय व्याकरणात विशेषणात बसवतात, तर नवी व्याकरणे त्याला 'अ', 'द', 'धिस' यांच्या पंक्तीत बसवून डिटर्मिनर म्हणतात; मला ही नवी मांडणी अधिक पटते, कारण या शब्दांपैकी एका नामाआधी एकच येऊ शकतो.

आता 'होम' पाहा. घर म्हणजे नाम, असे वाटणे साहजिक आहे, पण इथे तो शब्द कुठे चालत जाते ते सांगतो, म्हणजे क्रियापदाविषयी माहिती देतो, म्हणून तो क्रियाविशेषण ठरतो. याच कारणाने 'वॉक्स टू स्कूल' बरोबर असले तरी 'वॉक्स टू होम' चूक आहे. जात ओळखण्याचा उपयोग परीक्षेच्या गुणांपलीकडे असतो तो असा.

क्रियाविशेषणाच्या शेवटी 'ली' असते हा नियमही जपून वापरावा. 'फ्रेंडली' हे विशेषण आहे. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो, आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. वरिष्ठांना कोणाची शिफारस लिहिताना हा फरक महागात पडू शकतो.

'अ' आणि 'ॲन' यांच्याबाबत मराठी माणसाला एक सोय आयतीच मिळालेली आहे. हा नियम स्पेलिंगवर चालत नाही, उच्चारावर चालतो, म्हणून पुढचा शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहावा आणि पहिले अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ' घ्यावा. 'अवर' (तास), 'ऑनेस्ट', 'एमएलए', 'एफआयआर' यांच्याआधी 'ॲन' येतो. 'युनिव्हर्सिटी', 'युरोपियन', 'वन रुपी कॉइन' यांच्याआधी 'अ'. हा नियम इंग्रजी अक्षरे पाहून लावणारे विद्यार्थी नेमके याच शब्दांवर अडखळतात.

सर्वांत जास्त सराव शब्दयोगी अव्ययांचा करावा लागतो, कारण मराठीतले 'ला'सारखे प्रत्यय आणि शब्दरूपे इंग्रजीत अनेक वाटांनी जातात. 'पुण्याला जातो' मध्ये 'टू' येतो, 'पाच वाजता' साठी 'ॲट', 'रविवारी' साठी 'ऑन', 'मे महिन्यात' साठी 'इन', आणि 'त्याला दोन भाऊ आहेत' मध्ये तर अव्ययच नाहीसे होऊन 'ही हॅज टू ब्रदर्स' असे वाक्य होते. मराठीत आपण 'विषयावर' किंवा 'विषयाबद्दल' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' तोंडात येते. पण 'डिस्कस' ला थेट कर्म लागते, 'वी डिस्कस्ड द बजेट' एवढेच पुरते. 'एंटर द रूम' चेही तसेच. त्यामुळे नवे क्रियापद वहीत टिपताना नुसता अर्थ न लिहिता शब्दकोशात दिलेले उदाहरणाचे एक अख्खे वाक्य उतरवून घ्यावे, म्हणजे त्याच्यासोबत कोणते अव्यय येते, किंवा येत नाही, तेही त्याच ओळीत दिसते.