एकाग्रतेच्या गोळ्या स्वतःवर आजमावताय? या चुका टाळा

सोलापुरातल्या अभ्यासिकांमध्ये परीक्षा जवळ आली की टेबलावर पाण्याच्या बाटलीशेजारी डब्या दिसू लागतात. कुणाची ब्राह्मी, कुणाची अश्वगंधा, कुणी ऑनलाइन मागवलेलं एल-थिअनिन (चहाच्या पानांत असणारा एक घटक). फरक पडतो का विचारलं तर उत्तर येतं, "पडतो बहुतेक." या 'बहुतेक'चं मूळ आजमावण्याच्या पद्धतीत असतं.

पहिली चूक म्हणजे सगळं एकदम बदलणं. सोमवारी कॅप्सूल सुरू, चहा बंद, पहाटे पाचचा गजर. मंगळवारी डोकं ठणकतं आणि खापर फुटतं कॅप्सूलवर. रोज चार-पाच कप चहा घेणाऱ्याने तो अचानक तोडला, तर १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होऊ शकते आणि आठवडाभर रेंगाळू शकते. चहा आहे तसा राहू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच: आधीची नोंद नसणं. गोळीला हात लावण्याआधी दोन आठवडे वही ठेवा. रोज सकाळी ९ वाजता २५ मिनिटं बुद्धिमत्ता चाचणीचे एकाच पातळीचे प्रश्न सोडवा आणि किती बरोबर आले ते लिहा. शेजारी झोपेचे तास, चहाचे कप, शेवटचा चहा किती वाजता. आणखी एक रकाना आपल्याकडे हवाच: रात्री पाणी आलं होतं का? नळाला काही दिवसांआड पाणी, तेही अवेळी आलं की अर्धी रात्र मोटर लावून पिंपं भरण्यात जाते. त्या सकाळचे कमी गुण गोळीच्या नावावर टाकू नका. उन्हाचंही तेच. पारा चाळिशीपार गेला की पत्र्याखालच्या खोलीत पाणी कमी पडलेल्या शरीराचं लक्ष लागत नाही, आणि फेब्रुवारीत "लागू पडलेली" गोळी मेमध्ये निकामी वाटते.

सरावानेही गुण वाढतात, हे लक्षात असू द्या. कॅफिन-थिअनिनचा असर त्याच दिवशी दिसत असल्याने कोणत्या दिवशी घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, मग दोन्ही प्रकारचे दिवस ताडून पाहा. प्रयोगांत साधारण १०० मिलिग्रॅम कॅफिन आणि २०० मिलिग्रॅम थिअनिन वापरलेलं आढळतं. संध्याकाळी मात्र नको. कॅफिन निम्मं उतरायला सुमारे पाच तास लागतात. झोप मोडली की दुसरा दिवस वाया.

ब्राह्मीला ही युक्ती चालत नाही. तिचे बरेचसे अभ्यास १२ आठवड्यांचे आहेत, त्यामुळे आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून डबी फेकणं घाईचं. त्या अभ्यासांतले ३०० मिलिग्रॅम बहुधा अर्काचे असतात. चूर्णाचा हिशेब वेगळा. लेबलवर बकोपा मोनिएरी हे शास्त्रीय नाव आहे का पाहा, कारण मंडूकपर्णी ही वेगळी वनस्पतीही ब्राह्मी म्हणून विकली जाते. पोट बिघडत असेल तर जेवणानंतर घ्या.

मित्राने दिलेली मोडाफिनिलची, म्हणजे झोप उडवणाऱ्या गोळ्यांची, स्ट्रिप या प्रयोगात बसवूच नका. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. त्याने अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो.

आणि पैसे खर्च करायचेच असतील तर आधी रक्ततपासणीवर करा: बी-१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते, आणि ती असेल तर कुठलीही महागडी कॅप्सूल तिची जागा घेत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल तर अश्वगंधा स्वतःच्या मनाने घेऊ नका. क्वचित तिने यकृतालाही त्रास होतो. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा अंगाला खाज असं काही दिसलं तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या.