कार्ब्युरायझिंग भट्टीतल्या बास्केट का फुटत होत्या

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये गॅस कार्ब्युरायझिंगची (गरम गॅसमधून स्टीलच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कडक करायची) भट्टी ९३० अंश सेल्सिअसवर चालते. गिअर ठेवायच्या बास्केट ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या होत्या. त्या वाकायच्या, पापुद्रे सुटायचे, वेल्डिंगच्या कडेने तडे जायचे. फॅब्रिकेटर म्हणायचा, "साहेब, रॉड जाड घ्या." जाड रॉडला तर तडे जास्तच, कारण तेलात क्वेंच करताना, म्हणजे झटकन थंड करताना, बाहेरचा भाग आधी आकसतो आणि आतला मागे राहतो.

३०४ला एरवी चुंबक चिकटत नाही. तुटलेल्या रॉडला लावला, तर चिकटला! (३०४ थंड वाकवली तरी थोडी चिकटते, म्हणून सरळ तुकडा घ्यावा.) गिअरमध्ये जाणारा कार्बन बास्केटमध्येही शिरतो आणि क्रोमियमला धरून कार्बाइड बनवतो; धातूतलं क्रोमियम असं कमी झालं, म्हणून चुंबक चिकटला. मग वरचा संरक्षक ऑक्साइडचा थर टिकवायला क्रोमियम उरत नाही. शिवाय हवेत ३०४ सतत गरम राहिली तर सुमारे ९२५ अंश झेपते, वारंवार तापवली-थंड केली तर ८७०च. पापुद्रा आणि धातू सारख्या प्रमाणात आकसत नाहीत ना.

नव्या बास्केट ३३० ग्रेडच्या केल्या. त्यात निकेल सुमारे ३५ टक्के, शिवाय थोडं सिलिकॉन; दोन्हींमुळे कार्बन आत कमी शिरतो. कोपरे घट्ट वेल्ड न करता रॉड सरकायला जागा ठेवली. निकेल जास्त म्हणजे गंधकाने धातू खाल्ला जायची भीती, म्हणून गिअरवरचं कटिंग ऑइल (त्यात गंधक असू शकतं) नीट धुऊनच माल आत जातो. मालकांनी किमतीवरून कुरकुर केली. तडे मात्र थांबले. थोडं वाकणं अजून आहे, ते बास्केट उलटसुलट लावून भागवतो.