आजारी कैदी सोडला की त्या निर्णयाची चौकशी कशी वाचायची (लॉकरबीची केस समोर ठेवून)

आपल्याकडे अनुकंपा म्हटलं की वडलांच्या जागी लागलेली सरकारी नोकरी आठवते. पण कैदी मरायला टेकलाय, आता त्याला घरी जाऊ द्या, हीसुद्धा अनुकंपाच, आणि बऱ्याच देशांच्या कायद्यात त्याची सोय आहे. फक्त तो कैदी गाजलेला असला की दोन तासात व्हॉट्सअॅपवर सगळे वकील आणि सगळे कॅन्सरतज्ज्ञ. आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी मागे असंच एक फॉरवर्ड टाकलं, "तीन महिन्यात मरणार म्हणून सोडला, तीन वर्षं जगला, तेलासाठी विकला", आणि खाली धडाधड अंगठे. लॉकरबीच्या मेग्राहीबद्दल होतं ते. अर्धंमुर्धं खरं होतं म्हणून जास्त खटकलं, मग मी एक अख्खा रविवार त्या केसचे कागद वाचण्यात घालवला आणि त्यातून जी पद्धत बसली ती इथे लिहितोय, दुसऱ्या कुठल्या केसला पण चालेल.

केस थोडक्यात. २१ डिसेंबर १९८८ ला पॅन अॅमचं १०३ नंबरचं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर बॉम्बस्फोटाने पडलं, विमानातले २५९ आणि खाली गावातले ११ असे २७० लोक गेले. खटला नेदरलँड्समध्ये कॅम्प झाइस्ट इथे पण स्कॉटिश कायद्याने चालला, ज्युरी नाही, तीन जज. ३१ जानेवारी २००१ ला लिबियाचा अब्दुलबासित अल-मेग्राही दोषी ठरला, त्याच्याबरोबरचा आरोपी सुटला. जन्मठेप, त्यात किमान २७ वर्षं आत. २००८ मध्ये त्याला प्रोस्टेट कॅन्सर असल्याचं निघालं आणि २० ऑगस्ट २००९ ला स्कॉटलंडचे न्यायमंत्री केनी मॅकआस्किल यांनी त्याला सोडलं.

आता पहिलं काम, सुटका नेमकी कुठल्या दरवाज्याने झाली ते बघा. बेल वेगळा, पॅरोल-फर्लो वेगळं, शिक्षेत माफी वेगळी, दुसऱ्या देशाच्या जेलमध्ये पाठवणं वेगळं आणि ही आजारपणाची सुटका वेगळी, आणि पेपरवाले सगळ्याला "सोडलं" एवढंच म्हणतात. मेग्राहीच्या बाबतीत मंत्र्याच्या टेबलावर एकाच वेळी दोन अर्ज होते. एक लिबिया सरकारचा, मे २००९ चा, ब्रिटन-लिबिया कैदी हस्तांतर कराराखाली, म्हणजे उरलेली शिक्षा तिकडच्या जेलमध्ये भोगेल असा. दुसरा जुलैमधला, अनुकंपेचा. मॅकआस्किलनी पहिला फेटाळला, कारण अमेरिकेला आणि तिथल्या कुटुंबांना शिक्षा स्कॉटलंडमध्येच भोगली जाईल असं समजावलं गेलं होतं असं त्यांचं म्हणणं, आणि दुसरा मान्य केला. ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा कारण पुढचा अर्धा गोंधळ हे दोन अर्ज एकमेकात मिसळल्यामुळे होतो, तेलाचा सगळा भाग पहिल्या अर्जाला चिकटलेला आहे आणि माणूस सुटला तो दुसऱ्यावर.

मग अधिकार कोणाचा होता ते शोधा. हे कंटाळवाणं वाटतं पण केस इथेच फिरते. आपल्याकडे बिल्किस बानो केसमध्ये काय झालं आठवा, तिथे आजारपणाचा काही संबंध नव्हता, साधी शिक्षामाफी होती, पण ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरातने सोडलेले ११ जण जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत आत पाठवले, मुख्य मुद्दा हाच की खटला मुंबईत चालला होता म्हणजे माफीचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा. स्कॉटलंडमध्ये तुरुंग आणि न्याय हे खातं एडिंबरोतल्या स्कॉटिश सरकारकडे, लंडनमधल्या ब्रिटन सरकारकडे नाही. म्हणजे गॉर्डन ब्राऊन पंतप्रधान असले तरी सही त्यांची नव्हती. आणि वर गंमत म्हणजे एडिंबरोत एसएनपीचं (स्कॉटिश नॅशनल पार्टी) अल्पमतातलं सरकार, लंडनमध्ये लेबर पक्षाचं, दोघांचं विळ्याभोपळ्याचं नातं. त्यामुळे "दोघांनी मिळून सेटिंग केलं" असं कोणी म्हटलं की जरा थांबून विचारा, कसं?

तिसरं, अट शब्दाशब्दाने वाचा. ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे, कारण इथे लोक हमखास पडतात. १९९३ च्या स्कॉटिश कायद्याच्या कलम ३ मध्ये अनुकंपेवर सुटकेचा अधिकार दिलाय, पण "तीन महिने" हे शब्द त्या कलमात नाहीतच! ते खालच्या मार्गदर्शक सूचनांमधले आहेत, मृत्यू जवळ आलाय म्हणजे साधारण किती जवळ हे ठरवायला. आणि मग डॉक्टरांचा रिपोर्ट. १० ऑगस्ट २००९ चा, स्कॉटिश प्रिझन सर्व्हिसच्या आरोग्य विभागाच्या प्रमुखांनी दिलेला, नावं वगैरे झाकून नंतर सरकारने प्रसिद्ध केला. मी तो दोनदा वाचला. त्यात एकीकडे असं आहे की तीन महिन्यांपेक्षा कमी की जास्त हे सांगायला कुठलाही स्पेशालिस्ट तयार नाही, आणि दुसरीकडे निष्कर्ष असा की तीन महिने हा आता वाजवी अंदाज आहे. ही दोन वाक्यं एकाच कागदावर. विरोधकांनी नेमकं यावर बोट ठेवलं आणि बरोबर ठेवलं, कॅन्सरचे तज्ज्ञ हात आखडता घेतायत तर अंदाजाची जबाबदारी घेतली कोणी? सरकारचं उत्तर होतं की आधी तज्ज्ञांची मतं घेतली, कैद्याला रोज बघणाऱ्या डॉक्टरांचंही घेतलं आणि शेवटी सगळं एकत्र करून आरोग्यप्रमुखांनी सांगितलं. दोन्ही बाजू पटण्यासारख्या आहेत. पण बघा, हा प्रश्न त्या दिवशीच्या कागदाबद्दल आहे, माणूस नंतर किती जगला याबद्दल नाही.

तो जगला २ वर्षं ९ महिने, २० मे २०१२ ला ट्रिपोलीत गेला. काकांचं "तीन वर्षं" फार चुकीचं नाही. पण नंतरच्या कॅलेंडरवरून आधीच्या निर्णयाला मार्क देऊ नका, डॉक्टर काय पंचांग काढून बसत नाहीत. ताडून बघायचं असेल तर रॉनी बिग्जचं बघा, १९६३ च्या ट्रेन दरोड्यातला. मेग्राहीच्या दोनच आठवडे आधी इंग्लंडमध्ये लंडन सरकारचे न्यायमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी त्याला आजारपणामुळे सोडलं, आणि तो डिसेंबर २०१३ पर्यंत जगला, चार वर्षांच्या वर. त्यावर कोणी मेग्राहीसारखी अमेरिकन सिनेटची सुनावणी लावली नाही. अर्थात दरोडा आणि २७० खून यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मान्य, पण अंदाज चुकणं हा पुरावा असेल तर दोन्हीकडे लावा ना.

आता प्रोसिजर. इथे मॅकआस्किल मला स्वतःला कच्चे वाटतात. ऑगस्टच्या सुरुवातीला ते स्वतः ग्रीनक जेलमध्ये जाऊन कैद्याला भेटले. त्यांचं स्पष्टीकरण असं की हस्तांतराच्या अर्जात कैद्याचं म्हणणं ऐकावं लागतं. ठीक आहे, पण लेखी घेता आलं असतं की, मंत्र्याने जेलमध्ये जायची काय गरज? आणि थोड्याच दिवसात मेग्राहीने आपलं चालू असलेलं अपील मागे घ्यायचा अर्ज केला. हस्तांतरासाठी अपील बंद असणं गरजेचं होतं, अनुकंपेसाठी अजिबात नाही, तरी त्याने ते सोडलं. भेटीत यावर काही सौदा झाला असं सिद्ध झालेलं नाही, पण भेटच झाली नसती तर संशयाला जागा राहिली नसती. असले निर्णय वाचताना तारखा एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा, अर्ज, भेट, रिपोर्ट, सही, विमान. मी वहीच्या मागच्या पानावर लिहिल्या होत्या, दहा मिनिटांचं काम, आणि टीव्हीवर तासभर ऐकून जे कळत नाही ते कळतं.

मग येतात चौकश्या. इथे एकच सवय लावा, प्रत्येक चौकशीला तीन प्रश्न: विचारतंय कोण, त्याला उत्तर मागायचा हक्क आहे का, आणि तो नेमकं काय विचारतोय. स्कॉटिश संसद सुट्टीवर होती, ती २४ ऑगस्टला तातडीने बोलावली आणि मॅकआस्किल उभे राहिले. हक्क पूर्ण, कारण ते तिलाच जबाबदार. २ सप्टेंबरला मतदान झालं, ७३ विरुद्ध ५०, सरकार हरलं, पण सरकार पडलं नाही आणि निर्णयही फिरला नाही, कैदी तर कधीच ट्रिपोलीला पोचलेला. असल्या मतदानाचा अर्थ "चुकलात" एवढाच, "बेकायदा" नाही. नंतर तिथल्या न्याय समितीने सगळी हाताळणी तपासली. अमेरिकेत एफबीआयचे प्रमुख रॉबर्ट म्युलर यांनी मॅकआस्किलना जळजळीत पत्र लिहिलं, ते पत्र राग म्हणून वाचा, पुरावा म्हणून नको. सिनेटच्या समितीने २०१० मध्ये स्कॉटिश मंत्र्यांना बोलावलं, त्यांनी जायला नकार दिला, आम्ही आमच्या संसदेला उत्तर देतो म्हणाले. लोकांना ते लपणं वाटलं. मला नाही वाटत, उद्या महाराष्ट्राच्या गृहमंत्र्याला दुसऱ्या देशाच्या खासदारांनी बोलावलं तर तुम्ही काय म्हणाल?

आणि तेल. हो, धूर होता. मे २००७ मध्ये बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने लिबियाशी मोठा करार केला, आणि कैदी हस्तांतर करार लवकर करा म्हणून आपण ब्रिटन सरकारकडे बोललो हे बीपीने नंतर कबूल केलं, फक्त मेग्राहीचं नाव घेतलं नाही म्हणाले. त्याच वर्षी जॅक स्ट्रॉ आधी एडिंबरोला लिहितात की मेग्राहीला करारातून वगळायचा प्रयत्न करू, आणि डिसेंबरात लिहितात की देशाचं हित मोठं आहे, आता कोणाचं नाव वगळता येणार नाही. ही पत्रं प्रसिद्ध झालीत, लागोपाठ वाचली की अंगावर येतात. २०११ मध्ये ब्रिटनचे कॅबिनेट सेक्रेटरी (सर्वात वरचे सरकारी अधिकारी) गस ओडॉनेल यांनी फाइली तपासून सांगितलं की लंडनने स्कॉटिश सरकारवर दबाव आणल्याचा पुरावा नाही, पण लिबियाला एडिंबरोकडे अर्ज करायला जमेल तेवढी मदत करायची हे लंडनचं धोरण होतं. पेपरात पहिला अर्धा भाग एका बाजूने छापला आणि दुसरा दुसऱ्या बाजूने. तुम्ही दोन्ही वाचा.

शेवटी सुटकेनंतरचं बघायला विसरू नका, ते कोणीच बघत नाही. मेग्राही मोकळा नव्हता, लायसन्सवर (म्हणजे अटींवर, देखरेखीखाली) होता, आणि त्याच्यावर देखरेख कोणाची, तर ग्लासगोजवळच्या ईस्ट रेनफ्रूशर कौन्सिलची, कारण त्याचं कुटुंब पूर्वी तिथे राहायचं. म्हणजे ट्रिपोलीतल्या माणसाचा दर महिन्याचा संपर्क स्कॉटलंडमधल्या एका कौन्सिलच्या समाजसेवकांनी ठेवायचा. २०११ मध्ये लिबियाचा हुकूमशहा गडाफीची सत्ता कोसळली तेव्हा कौन्सिलवाले त्याला शोधत होते, आणि टीव्हीच्या पत्रकाराला तो घरात ऑक्सिजन लावून बेशुद्ध पडलेला सापडला.

हे सगळं आवरून मी काकांना लिहिलं. दोन निळ्या टिक आल्या, मग बराच वेळ टायपिंग, टायपिंग, आणि शेवटी, "ते सोड, बॉम्ब त्यानेच ठेवला होता का?" म्हटलं काका, तो प्रश्न वेगळ्या फाइलीतला आहे, त्याच्या मरणानंतर कुटुंबाने लढवलेलं अपील जानेवारी २०२१ मध्ये फेटाळलं गेलं, कोर्टाच्या लेखी तो दोषीच आहे. त्यावर काकांनी गुड नाइटचा गुलाब पाठवला.